रिकाम्या खुर्चीचा खळगा

या, असे जवळ सरका. दाराशी बसलात तर वारा निम्मी गोष्ट पळवून नेईल. ही खरं तर गाऊन सांगायची गोष्ट. पण गाणारा गळा देवाने दुसऱ्यांना दिला आणि इकडे दिली नुसती बोलण्याची हौस, तेव्हा गोड मानून घ्या. गोष्ट एका खुर्चीची आहे. थोडी अंगावर काटा आणणारी आहे, पण शेवटपर्यंत बसलात तर रिकाम्या हाताने पाठवणार नाही.

एका शहरात एक पुढारी होऊन गेले. सगळे त्यांना काका म्हणत. लग्न केलं नाही, बंगला बांधला नाही, अंगावर दोनच सदरे, एक धुवायला आणि एक अंगात. काका प्रार्थनेला जायचे नाहीत. म्हणायचे, "देव असेल तर त्याचं माझ्यावाचून काही अडत नाही. माणसाचं अडतं." आता आपल्यासारख्या भाविकांनी यावर रागवावं की नाही? पण खरं सांगू, देवानेच त्यांना कामाला लावलं होतं. फक्त त्यांना पत्ता लागू दिला नाही, एवढंच.

काका म्हणत, गर्दीवर प्रेम करणं सोपं असतं, कारण गर्दीला तोंड नसतं. एकावर करून दाखवा. आणि हे नुसतं भाषणात नव्हतं हो. नगरसभेच्या दालनात अध्यक्षांच्या टेबलासमोर त्यांनी एक वेताची खुर्ची ठेवली होती. पाठ, बैठक, हातसुद्धा वेताच्या जाळीने विणलेले. नियम असा, की ज्या माणसांच्या डोक्यावर निर्णय पडणार, त्यांच्यातलं कोणीतरी त्या खुर्चीत येऊन बसलं पाहिजे. काका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे आणि सदस्यांना म्हणायचे, "आता ह्यांच्या तोंडाकडे बघून बोला." खुर्ची रिकामी असेल तर तो विषय त्या दिवशी निघायचाच नाही. गटारं उपसणारे तिथे बसून गेले, विधवा बसून गेल्या. एकदा तर चक्क चोर बसला होता. तुरुंगाच्या खिडक्या बुजवायच्या की नाही, असा प्रश्न होता. खिडक्या राहिल्या.

मग काका गेले. शहर धाय मोकलून रडलं. त्यानंतरच्या पहिल्या सभेत त्या खुर्चीत बसायला कोणी धजेना. कोणी तिच्यावर फुलं ठेवली. कोणी भोवती मखमली दोरी बांधली. नवे लोक आले, त्यांना सांगितलं गेलं, ही काकांची खुर्ची, हात लावायचा नाही. सभा सुरू होण्याआधी सगळे उभे राहून खुर्चीला नमस्कार करत, मग आपापल्या जागी बसत आणि समोर कोणी नसताना सगळे निर्णय भराभरा उरकत. यात कोणाचा काही कावा नव्हता. सगळं प्रेमानेच झालं. आणि प्रेमाने झालेली चूक कोणाच्या लवकर लक्षात येत नाही.

तर आता आपल्या माणसाकडे येऊ. काका साऱ्या शहराचे, म्हणजे सारं शहरच त्यांचं पुतणं. पण खरा पुतण्या एकच, थोरल्या भावाचा मुलगा. पन्नाशी उलटली, मिशी पांढरी झाली, नगरसभेचा अध्यक्ष झाला, तरी बाजारात लोक म्हणायचे, "पुतण्या आला, पुतण्या गेला." वाईट माणूस नव्हता. काकांचं नाव राखायचं, या एका चिंतेने तो रात्रंदिवस पोखरलेला होता.

त्याच चिंतेतून स्मारक निघालं. काकांच्या नावाचं मोठं मानवता भवन, दगडी खांब, खांबांवर काकांची वचनं कोरलेली. स्मारक समितीचे प्रमुख होते एक वकीलसाहेब, बोलायला लागले की पंखासुद्धा थांबून ऐकेल असे. त्यांनी जागा शोधली ती विटांच्या भट्टीमागची गल्ली. जुनी घरं, दाटीवाटीची. तिथल्या लोकांना टेकडीपलीकडे नवी जागा द्यायची, असं ठरत होतं. टेकडीपलीकडे काय होतं? वारा होता.

हा विषय सभेपुढे आला आणि त्याच आठवड्यात शिपायाने पुतण्याला गाठलं. शिपाई काकांच्या वेळचा. एका कानाने ऐकायचा नाही आणि दुसऱ्याने सोयीनुसार ऐकायचा.

"साहेब, काकांची खुर्ची बसलीय."

"बसलीय म्हणजे?"

"म्हणजे तिच्यात कोणीतरी बसतंय. वेत खाली गेलाय. खळगा पडलाय चांगला."

"तूच बसला असशील दुपारचा डुलकी काढायला."

"मी स्टुलावर झोपतो साहेब. बायकोला विचारा, पाठ कशी झालीय माझी."

वेतवाल्याला बोलावलं. वेतवाला म्हणजे खुर्च्या विणणारा, तोंडाने फटकळ माणूस. त्याने बैठकीवर तळहात फिरवला, जुना वेत कापून काढला, नवा भिजवलेला वेत ओढून ओढून जाळी घट्ट विणली. सुकल्यावर टिचकी मारली तर डफासारखी वाजली. "आता बारा हत्ती बसवा," म्हणाला.

पुढच्या सभेनंतर खळगा पुन्हा होता.

वेतवाला आला, बघितलं आणि दोरी ओलांडून बाहेर आला. "साहेब, वापरायची तर वापरा, मला काय, माझं पोट चालतं. पण कोणी बसत नाही असं सांगून मला येड्यात काढू नका." 

मग ती सभा आली. भर दुपार, खिडक्यांतून लख्ख ऊन. वकीलसाहेब उभे राहून योजना वाचत होते. खांब किती उंच, पायऱ्या कशा, वचनं कोणत्या अक्षरात. मग म्हणाले, "आणि भट्टीमागच्या गल्लीचा प्रश्न राहतो." इतक्यात समोरून आवाज आला. कर्र. कोणी थकलेलं माणूस हळूच बसतं ना, तसा.

सगळ्यांनी पाहिलं. वेताची जाळी डोळ्यांदेखत खाली जात होती. सावकाश, मधोमध. मग हातांवरची जाळीही दबली, आधी डावीकडची, मग उजवीकडची.

"लाकूड आहे," वकीलसाहेब हसून म्हणाले. "हवा बदलली की बोलतं."

"हो, हो, हवाच," सगळे म्हणाले. वाऱ्याची झुळूक कुठे नव्हती, कपाळांवर घामाचे टिपूस मात्र होते. पुतण्याने घाईघाईने पुढचा विषय घेतला, रस्त्यावरच्या दिव्यांचा. दिव्यांचं बोलणं सुरू झालं तसा वेत हळूहळू वर आला. आणि दिवे संपून कोणीतरी पुन्हा गल्लीचं नाव काढलं, तसा खाली गेला. विषय पुढच्या सभेवर ढकलून सगळे उठले. त्या दिवशी नमस्कार करायचं मात्र राहून गेलं, म्हणजे कोणी तिकडे तोंड केलंच नाही.

पुतण्याची झोप उडाली. बायको म्हणाली, "पित्त झालंय तुम्हाला." तो म्हणाला, "असेल." चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी दालनात कोणी नसताना तो गेला. दाराबाहेर शिपाई स्टुलावर घोरत होता. पुतण्याच्या मनात आलं, काका बसत असतील का? आपल्यावर रागावले असतील का? असतील तर पायाशी बसून एकदा विचारून घ्यावं. त्याने दोरी ओलांडली. समोर उभा राहून म्हणाला, "काका, चुकत असेन तर सांगा." खुर्ची गप्प. मग कोण जाणे कुठून धीर आला, तो वळला आणि खुर्चीत बसला.

खाली वेत नव्हता.

खाली मांडी होती. दोन हाडकुळे गुडघे, वर सुती कापड, आणि कापडाला ओल्या कपड्यावर तापती इस्त्री फिरवल्यावर येतो तो वास, कोळशाचा आणि वाफेचा. ती मांडी त्याच्या ओळखीची होती. लहानपणी आई गेल्यावर याच मांडीवर तो रडून रडून झोपला होता. त्याच्या वजनाने ती मांडी किंचित हलली, मोठ्या माणसाला नीट बसवून घ्यायला हलावी तशी.

पुतण्या ओरडला की नाही, त्याला आठवत नाही. शिपाई मात्र चांगल्या कानाने जागा झाला. पुतण्या तोवर रस्त्यावर होता.

ती मांडी मावशीची होती. सख्खी मावशी नव्हे. भट्टीमागच्या गल्लीत इस्त्री करणारी बाई. काकांचे ते दोन सदरे तिच्याकडे यायचे, आणि आई गेल्यावर सदऱ्यांबरोबर हा पोरगाही तिच्याकडेच पडून असायचा. तिच्या हातचं खाऊन वाढला, तिच्या हातचा मार खाऊन शाळेत गेला. आणि अध्यक्ष झाल्यापासून? आज जाऊ, उद्या जाऊ. गल्लीचा विषय निघाल्यापासून तर मुळीच नाही. आता तो धापा टाकत भट्टीला वळसा घालून पळत होता आणि मनात एकच, गेली असणार, मावशी गेली असणार, आणि मला कोणी कळवलंही नाही.

मावशी दारात उभी राहून कोणाच्या तरी पँटला इस्त्री करत होती.

"आलास?" ती म्हणाली. "एवढा का घामेघूम? कुत्रं लागलं का मागे?"

पुतण्या उंबऱ्यावरच बसला. "मावशी, तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय! गुडघे सोडले तर सगळी शाबूत आहे." तिने इस्त्री तिवईवर टेकवली. "आत्ता मघाशी मात्र एक गंमत झाली बघ. डोळा लागला होता जरासा. तर कोणीतरी मांडीवर येऊन बसलं. दिवसाढवळ्या! जड होतं रे. पण ओळखीचं वजन होतं. म्हटलं, बसू दे."

तेवढ्यात तिने पाणी द्यायला हात पुढे केला आणि त्याला तिचा हात दिसला. मनगटापासून कोपरापर्यंत, आतल्या बाजूला, लालसर जाळी उमटली होती. वेताची. खुर्चीच्या हातावर फार वेळ हात टेकवून बसल्यावर उमटते ना, अगदी तश्शी.

"हे काय, मावशी?"

"हे होय? हे गल्लीत सगळ्यांनाच झालंय. आम्हाला वाटलं, पाण्यातून काहीतरी." तिने बाहेर हाक मारली, "अगं ए शेजारणी, तुझी दाखव!"

समोरच्या घरातून शेजारीण आली, कपडे वाळत घालता घालता तिने हात वर केला. जाळी. "काल माझी फार गडद होती," ती म्हणाली. "आज यांची पाळी." दाराशी बसलेल्या नवऱ्याचीही दाखवली. पलीकडे बाजेवर एक म्हातारा होता, त्याच्या हातावर होती, आणि तो काही बोलतच नव्हता.

"त्यांना उठवत नाही चार दिवस," मावशी आवाज खाली आणून म्हणाली. "म्हणतात, मी अजून तिथेच बसलोय. आम्हाला सगळ्यांना एकच स्वप्न पडतं रे. मोठी खोली, समोर टेबल, टेबलाभोवती चांगल्या कपड्यातली माणसं. ती बोलत असतात आमचंच. पण आमच्या तोंडाकडे कोणी बघत नाही. उठावंसं वाटतं, उठता येत नाही. जाळी मावळायला आता रोज जास्त वेळ लागतो. ज्या दिवशी त्यांचं काय ते ठरेल ना, त्या दिवशी आम्ही तिथून उठणारच नाही, असं वाटतं बघ." मग इस्त्री उचलत, "तूही असतोस तिथे. मान खाली घालून."

पुतण्याने तेव्हाही मान खालीच घातली होती.

"मावशी, स्मारक आहे ते. काकांचं."

"त्यांचं स्मारक? ते तर त्यांचे दोन सदरे, इतकी वर्षं मीच इस्त्री करत होते की त्यांना, दर आठवड्याला, कॉलरीसकट." ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "टेकडीपलीकडे माझ्याकडे कपडे घेऊन कोण येणार रे? वारा? त्याला सुरकुत्या चालतात."

जाताना पुतण्या एवढंच म्हणाला, "सभेला ये. खुर्चीत बसायला ये. जागेपणी."

"खुर्चीत? काकांच्या?"

"तुझ्या," पुतण्या म्हणाला.

सभेच्या दुपारी दालन गच्च भरलं होतं. पुतण्या आपल्या जागेवर न जाता सरळ मखमली दोरीशी गेला. गाठ जुनी, दगडासारखी झालेली. नखांनी सुटेना, तेव्हा अध्यक्षसाहेबांनी सगळ्यांदेखत ती दातांनी सोडवली.

"अहो, हे काय!" वकीलसाहेब ताडकन उभे राहिले. "काकांचा अपमान आहे हा!"

"वकीलसाहेब, काकांना तुम्ही पाहिलंय. या खुर्चीत बसलेले कधी पाहिले का? एकदा तरी?"

मागच्या बाकावरचा एक म्हातारा सदस्य पुटपुटला, "उभे असायचे. मागे. हात ठेवून." आणि दालनातल्या जुन्या माणसांचे चेहरे असे झाले, की जणू इतकी वर्षं घरातल्या माणसाला चुकीच्या नावाने हाका मारत होते.

मावशी आली. धुतलेला, कडक इस्त्रीचा पोशाख. तिने आधी फडक्याने खुर्ची पुसली, सवयच तशी, आणि मग गुडघ्यांवर हात टेकत बसली. खुर्ची जरासुद्धा वाजली नाही. खळगा तिच्या मापाचा होता.

"हं," ती आजूबाजूला बघत म्हणाली. "हीच खोली. पंखा पुसा रे कोणीतरी."

पुतण्या खुर्चीच्या मागे जाऊन उभा राहिला. पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "विषय, भट्टीमागची गल्ली रिकामी करण्याचा. ज्यांना मान्य असेल त्यांनी ह्यांच्या तोंडाकडे बघून हात वर करावा."

मग वकीलसाहेबांचा हात वर गेला. ते काही दुष्ट नव्हते, त्यांनी त्या खांबांना जीव लावला होता. त्यांच्यामागे दुसरा हात, तिसरा, चौथा. हात वर गेले तशा बाह्या खाली घसरल्या.

प्रत्येक हातावर वेताची जाळी होती.

आधी एकाने दुसऱ्याच्या हाताकडे पाहिलं. मग स्वतःच्या. कोणी घासून पाहिलं. कोणी बाही खाली ओढली, तर कापडातून लाली दिसायला लागली. खिडकीबाहेर एक सायकल घंटी वाजवत गेली, आणि त्या आवाजाने सगळे दचकले.

"अगं बाई!" मावशी म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं. "तुम्हीसुद्धा येत होतात होय? मला वाटायचंच, माझ्या मागे कोण एवढं दाटीवाटीने बसलंय. वळून बघता येत नव्हतं ना."

एकेक हात खाली आला. वकीलसाहेबांचा सर्वांत शेवटी राहिला. ते मावशीच्या तोंडाकडे बघत होते, पहिल्यांदाच, आणि डोळे काढता येत नव्हते त्यांना. "मी कधी बसलो?" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मला तर आठवत नाही."

"कळत नाही बाबा," मावशी मायेने म्हणाली. "मलाही आधी कळलं नव्हतं."

त्यांचा हात खाली आला. तिकडे गल्लीत त्याच वेळी बाजेवरचा म्हातारा उठून पाणी प्यायला गेला, हे नंतर कळलं.

सगळे पांगल्यावर पुतण्याने भीत भीत स्वतःच्या बाह्या वर केल्या. दोन्ही हात कोरे. ते पाहून तो जास्तच घाबरला. म्हणजे या सगळ्यांत आपणच एकटे वेगळे? आपल्यालाच माणसांत जागा नाही? त्याने हात मावशीपुढे धरले.

मावशीने चष्मा वर करून पाहिलं. मग हसली, अगदी पोटातून.

"अरे वेड्या, तू माझ्या मांडीवर होतास. तुला वेत कसा टोचेल?"

गल्ली राहिली. भवन झालं नाही. वकीलसाहेब अजून बोलतात, पण मधेच थांबून समोरच्याकडे बघतात, आणि लोक म्हणतात पूर्वीपेक्षा बरं बोलतात. पुढच्या निवडणुकीत पुतण्या पडला, कारण स्मारक न बांधणाऱ्या पुतण्याला मत कोण देणार? त्यानंतर तो भट्टीमागच्या गल्लीत संध्याकाळी कोळसे फुंकत बसलेला दिसायचा. इस्त्री त्याला कधी धड जमली नाही. मावशी त्याला गिऱ्हाइकांसमोर बोलायची.

मग मावशीही गेली. आपल्याच घरात, दारातल्या टेबलाला टेकून. इस्त्री तिवईवर होती आणि अजून गरम होती. त्या दुपारी नगरसभेच्या दालनात कोणी नसताना शिपायाला कर्र असा आवाज आला. वेत खाली गेला, आणि या वेळी वर आला नाही. वेतवाला आला, बघून गेला, म्हणाला, "ह्याला मी हात लावणार नाही." ती खुर्ची तशीच आहे. दोरी नाही. लोक येतात, बसतात, आपलं म्हणणं सांगतात. सगळे सांगतात, वेताची वाटत नाही, खाली काहीतरी ऊबदार आहे, आणि घाबरायला होत नाही.

काकांना आठवणारे पुष्कळ आहेत, त्यांची वचनं शाळेच्या भिंतींवर आहेत. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. आज घरी जाऊन दिवा मालवण्याआधी, देवाचं नाव घेताना, त्या इस्त्रीवाल्या मावशीचीही एकदा आठवण काढा.